जुन्या एचिंगमधली माणसं आणि पडके खांब: कसं वाचायचं?

सतराव्या-अठराव्या शतकातलं एखादं रोमचं निसर्गदृश्य समोर आलं की ठरलेल्या गोष्टी दिसतात. एका बाजूला अर्धी जमिनीत गेलेली कमान, मध्ये तीन खांब आणि त्यांच्या माथ्यावर उगवलेली झुडपं, खाली गाई, काठीवर रेललेला गुराखी, आणि हात वर करून काहीतरी दाखवणारा कुणीतरी. नवखा माणूस इथे दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर 'हे देऊळ कुठलं' म्हणून शोधाशोध सुरू करतो, नाहीतर 'साम्राज्यं गेली, गाई राहिल्या' असा उसासा टाकून पुढच्या चित्राकडे वळतो. दोन्हींत घाई आहे.

माझा सल्ला असा: आधी माणसं बघा, मग दगड. दगड बहुतेक वेळा जागा सांगतात. माणसं काळ सांगतात, मोजमाप सांगतात आणि चित्र कोणाला विकायचं होतं तेही सांगतात. आणि माणसं नि दगड यांचं जिथे एकमेकांशी जमत नाही, मग ते काळात असो, आकारात असो की वागण्यात, तिथे थांबायचं. चित्रकाराने मुद्दाम काही केलं असेल तर ते बहुधा तिथेच सापडतं.

सरावासाठी एकच जागा धरू: रोमन फोरम. प्राचीन रोमचा हा मुख्य चौक पुढे शतकानुशतकं माती आणि ढिगाऱ्याने कित्येक मीटर भरत गेला, वर गवत उगवलं, गुरांचा बाजार भरू लागला आणि लोक त्याला 'काम्पो वाच्चिनो' म्हणजे गाईंचं मैदान म्हणू लागले. एतिएन द्युपेराकने १५७५ च्या संग्रहात, क्लोद लोरँने १६३६ मध्ये, जुझेप्पे वाझी आणि जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०–१७७८) यांनी अठराव्या शतकात ही जागा एचिंगमध्ये, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांत, उतरवली. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय (मेट), ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी यांच्या संकेतस्थळांवर अशी चित्रं मोठ्या आकारात फुकट बघायला आणि उतरवून घ्यायला मिळतात. दोन-तीन उतरवून घ्या. मोबाइलच्या पडद्यावर हे काम होत नाही, संगणक हवा. मूळ कागद हाताशी असेल तर भिंग हवं.

आधी पत्रा समजून घ्या

एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेण आणि राळेचा पातळ थर देतात. सुईने रेघ ओढली की तेवढं तांबं उघडं पडतं. पत्रा आम्लात ठेवला की उघड्या रेघा खोदल्या जातात. मग थर काढून रेघांत शाई भरायची, पृष्ठभाग पुसायचा आणि ओलसर कागद वर ठेवून दाबयंत्रातून काढायचं. कागदावर चारही बाजूंनी पत्र्याच्या कडेचा दाब उमटतो. तो दिसत नसेल तर कागद आतून कापला गेलाय का, हे पाहून ठेवा, कारण खालचा मजकूर अशाच कापाकापीत जातो.

या तंत्राचे दोन परिणाम चित्र वाचताना सतत लागतात.

पहिला: थोडा वेळ आम्लात ठेवलेली रेघ फिकट येते, जास्त वेळ ठेवलेली काळी. म्हणून चित्रकार दूरचे डोंगर आणि आकाश लवकर वार्निशने झाकून टाकतात आणि पुढची झाडं, दगड, माणसं आम्लात पुन्हा पुन्हा चरू देतात. म्हणजे रेघेचा काळेपणा नुसता उजेड-सावलीचा नसतो, अंतराचाही असतो. फोरमच्या चित्रात मागचं कोलोसियम धूसर दिसतं ते या क्लृप्तीमुळे. त्यात लगेच धुकं, सकाळ, उदासी शोधू नका.

दुसरा: पत्र्यावर काढलेलं चित्र कागदावर आरशासारखं उलटं येतं. काही चित्रकार आधीच उलटं काढून हा प्रश्न सोडवत, काही तशी फिकीर करत नसत. म्हणून जागा ओळखण्याआधी चित्र सुलटं आहे की नाही हे ठरवावं लागतं. खालचं शीर्षक नीट वाचता येतंय यावर जाऊ नका. अक्षरं पत्र्यावर मुद्दाम उलटी कोरलेली असतात.

उलटेपणा पकडायच्या तीन खुणा सांगतो. माणसांकडे बघा: तलवार साधारणपणे डाव्या कमरेला लटकते, लिहिणं-रेखाटणं उजव्या हाताने होतं. सगळे डावखुरे दिसू लागले तर संशय घ्या. मग जागेची मांडणी बघा: कॅपिटोल टेकडीवरून कोलोसियमच्या दिशेने पाहिलं की सेप्टिमियस सेव्हेरसची तीन दारांची कमान डावीकडे येते, सॅटर्नच्या देवळाचे आठ खांब उजवीकडे, आणि पॅलाटाइन टेकडीही उजवीकडेच. याच्या विरुद्ध असेल तर चित्र उलटं आहे. तिसरी खूण उजेडाची. रोममध्ये सूर्य दक्षिणेच्या बाजूने फिरतो. वरच्याच जागेवरून आग्नेयेकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडून-मागून येणारा उजेड उत्तरेचा ठरतो, आणि तसा तो तिथे येत नाही. चित्रात आला असेल तर एकतर चित्र उलटं आहे किंवा चित्रकाराने उजेड आपल्या सोयीने पाडला आहे. क्लोदसारखा माणूस, ज्याची सगळी कीर्ती उजेडावर उभी आहे, तोही सोय बघतोच.

खालची ओळ

ही पायरी पाच मिनिटांची, पण लोक ती गाळतात. चित्राखाली नावांपुढे लॅटिन संक्षेप असतात. 'इन्व्ह.' म्हणजे कल्पना याची, 'डेल.' म्हणजे रेखाटन याचं, 'पिंक्स.' म्हणजे मूळ रंगचित्र याचं, 'स्कल्प.' किंवा 'फेक.' म्हणजे पत्र्यावर काम केलं ते याने, 'एक्स्क.' म्हणजे छापून विकलं ते याने. एकाच माणसाचं नाव सगळीकडे असेल तर त्याने जागा स्वतः पाहिलेली असण्याची शक्यता वाढते. तीन वेगळी नावं असतील तर अँटवर्पमध्ये बसलेल्या कारागिराने रोम कधी पाहिलंही नसेल, हे ध्यानात ठेवा.

पिरानेसीच्या 'रोमची दृश्यं' या मालिकेत बऱ्याच चित्रांत इमारतींवर आकडे किंवा अक्षरं टाकून खाली त्यांची यादी दिलेली असते. ती यादी मिळाली की अर्धं काम झालं, असं वाटतं. तसं नाही, त्याकडे पुढे येतो.

माणसं

चित्रातली सगळी माणसं मोजा. खरंच मोजा, कारण मोजताना कोपऱ्यातल्या सावलीत बसलेला आणि कमानीच्या माथ्यावर चढलेला असे दोघं-तिघं हमखास नव्याने सापडतात. मग प्रत्येकाबद्दल विचारा: काय करतोय, अंगावर काय आहे, बघतोय कुठे?

पहिला निवाडा हा करायचा की ही माणसं एखाद्या गोष्टीतली आहेत का. त्या काळात निव्वळ निसर्गचित्रापेक्षा धार्मिक किंवा पौराणिक प्रसंगाला मान जास्त होता, म्हणून अगदी इवल्याशा आकृत्यांतून गोष्ट सांगितली जाई. काही जोड्या पाठ करून ठेवण्यासारख्या आहेत. गाढवावर बसलेली बाई, मांडीवर मूल, बरोबर चालणारा वयस्क पुरुष: पवित्र कुटुंबाचं इजिप्तला पलायन. पंख असलेला देवदूत, सोबत मुलगा, मुलाच्या हातात मासा, शेजारी कुत्रा: बायबलच्या कथेतला तोबियास. दोघं वाटसरू आणि त्यांच्यात मिसळलेला तिसरा: पुन्हा जिवंत झालेला ख्रिस्त शिष्यांना भेटतो ती एमाउसची वाट. दाढीवाला, अर्धनग्न, हातात दगड, जवळ सिंह: संत जेरोम. नदीकाठी बायकांचा घोळका आणि टोपलीत बाळ: मोझेस सापडतो तो प्रसंग. फुलांनी सजवलेला बैल आणि त्याच्या पाठीवर तरुणी: युरोपा. बासरी वाजवणारा, टोपीला पंख असलेला तरुण, ऐकता ऐकता पेंगणारा गुराखी आणि एकच गाय: मर्क्युरी आणि आर्गस (गाय म्हणजे रूप बदललेली इओ, आर्गस तिचा पहारेकरी). शेवटच्या दोन गोष्टी क्लोदने स्वतः एचिंगमध्ये केल्या आहेत, युरोपा १६३४ मध्ये आणि मर्क्युरी-आर्गस १६६२ मध्ये. गाईकडे नीट न पाहणारा माणूस दुसऱ्या चित्राला सरळ 'गुराख्यांचं दृश्य' म्हणून मोकळा होतो.

गोष्टीची खूण एकच असून चालत नाही, किमान दोन जुळल्या पाहिजेत. गाढवावर बसलेली प्रत्येक बाई मेरी नसते. बाजाराला निघालेल्या बायकाही गाढवावरच बसत.

गोष्ट नाही असं ठरलं की माणसांचे साधारण चार प्रकार उरतात. पहिले राबणारे: गुराखी, धुणं धुणाऱ्या बायका, गाडीवान, कुदळ मारणारे. काम्पो वाच्चिनोतले गुराखी हे काव्य नव्हे, तिथे खरोखर गुरं असत. दगडी कुंडाजवळ पाणी पिणारी गुरं दिसली तर तेही खरं आहे. १५९३ मध्ये वास्तुकार जाकोमो देल्ला पोर्ताने प्राचीन ग्रॅनाइटचं मोठं कुंड तिथे बसवलं होतं आणि ते १८१८ मध्ये क्विरिनाल टेकडीवर हलवलं गेलं.

दुसरे बघणारे. तीन टोकांची टोपी, गुडघ्यापर्यंत विजार, लांब कोट असा वेश म्हणजे अठरावं शतक, आणि बहुधा परदेशी प्रवासी. सोबतचा, जरा साध्या कपड्यातला, हात लांब करून दाखवणारा माणूस म्हणजे वाटाड्या. ही जोडी पिरानेसी-वाझीच्या काळात फार दिसते, कारण चित्रं विकत घेणारे तेच होते. इंग्लंडहून शिक्षण म्हणून इटलीची फेरी करायला आलेला तरुण चित्रात स्वतःला बघतो आणि कागद घरी घेऊन जातो. मला ही जोडी कायम थोडी जाहिरातीसारखी वाटते, पण तिचा उपयोगही आहे. बोट जिकडे आहे तिकडे चित्रकाराला तुमची नजर न्यायची आहे.

तिसरे रेखाटणारे. दगडावर बसलेला, मांडीवर कागद, पाठ आपल्याकडे. रोमला गेलेल्या उत्तर युरोपीय चित्रकारांच्या चित्रांत हा अधूनमधून भेटतो. 'मी हे जागेवर बसून काढलंय' असा तो दावा असतो. दावाच, पुरावा नव्हे. कल्पनेतल्या अवशेषांपुढेही असा माणूस बसवता येतो.

चौथे अधांतरी. भिकारी, लंगडे, लांब झगा वाऱ्यावर उडतोय असे, कोणाशी बोलतायत ते कळत नाही असे. पिरानेसीकडे ही मंडळी मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांचे हावभाव नाटकातल्यासारखे असतात. इथे अर्थ शोधण्याआधी उसनवारी तपासा. चित्रकार साल्व्हातोर रोझाने १६५६-५७ च्या सुमारास सैनिक आणि इतर आकृत्यांची साठेक लहान एचिंग्ज काढली, आणि ती पुढच्या चित्रकारांना आयत्या आकृत्यांचा साठा झाली. एखादा शिपाई जागेशी काहीच नातं नसल्यासारखा उभा असेल तर तो असाच कुठून तरी आलेला असू शकतो.

क्लोदबद्दल त्याचा चरित्रकार बाल्दिनुच्ची सांगतो की आपण निसर्ग विकतो आणि माणसं फुकट देतो असं तो म्हणायचा. विनोद म्हणून छान आहे. पण त्यावरून त्याची माणसं वगळू नका. त्याच्या १६३६ च्या गुराख्याच्या एचिंगमधून तो गुराखी झाकून बघा, झाडं आणि पाणी आहे तसंच राहतं, पण दिवसाची वेळ हरवते.

दगड

आता अवशेष. सुरुवात खांबाच्या माथ्यापासून करा, कारण तिथे गोंधळ कमी. साधी उशीसारखी गादी म्हणजे डोरिक, दोन बाजूंना गुंडाळलेल्या वळ्या म्हणजे आयोनिक, पानांचा गुच्छ म्हणजे कोरिंथियन. सॅटर्नच्या देवळाचे आठ खांब आयोनिक आहेत, कॅस्टरच्या देवळाचे तीन कोरिंथियन. एवढ्यावर फोरममधली ही दोन देवळं वेगळी होतात.

मग एकसारख्या दिसणाऱ्या इमारती. तीन खांब आणि वर आडवा पट्टा असं दिसलं की फोरममध्ये दोन उमेदवार असतात: कॅपिटोलच्या अगदी पायथ्याशी व्हेस्पॅशियनचं देऊळ, आणि मैदानात पुढे, पॅलाटाइनच्या बाजूला कॅस्टरचं. व्हेस्पॅशियनच्या देवळाचे तीन खांब कोपऱ्यावर काटकोनात उभे आहेत, कॅस्टरचे एका रांगेत. गोल देवळांचीही अशीच जोडी आहे. कड्यावर, दरीच्या तोंडाशी, अर्धं ढासळलेलं असेल तर ते रोमजवळच्या तिव्होली गावचं, आणि ते चित्रकारांचं इतकं लाडकं की डच निसर्गचित्रांत ते कुठल्याही टेकडीवर जाऊन बसतं. सपाट जमिनीवर, जवळजवळ सगळे खांब शाबूत आणि वर छप्पर असेल तर ते टायबर नदीकाठचं हर्क्युलिसचं देऊळ. पुलाच्या टोकाशी जाडजूड गोल बुरूज दिसला तर तिव्होलीच्या वाटेवरचा पोन्ते लुकानो आणि प्लाउती घराण्याची समाधी. पूल नसेल, वर मध्ययुगीन तटाचे दाते असतील आणि भिंतीवर बैलांच्या कवट्यांची नक्षीपट्टी असेल तर आप्पियन रस्त्यावरची सेसिलिया मेटेलाची समाधी.

नावांच्या बाबतीत सावध राहा. चित्राखालच्या यादीतलं नाव हे त्या काळच्या विद्वानांचं मत असतं. अठराव्या शतकात सॅटर्नच्या देवळाला कॉन्कॉर्डचं देऊळ म्हणत, व्हेस्पॅशियनच्या देवळाला गरजणाऱ्या ज्युपिटरचं, नदीकाठच्या हर्क्युलिसच्या देवळाला व्हेस्टाचं, आणि मॅक्सेंटियसच्या प्रचंड सभागृहाला शांतीचं देऊळ. पिरानेसी चुकला, असं म्हणून त्याला खाली बघायला लावू नका. त्याने त्याच्या काळातलं नाव लिहिलं. टिपण करताना मात्र दोन्ही नावं लिहा, नाहीतर संग्रहालयाच्या यादीत शोधताना काहीच सापडणार नाही.

दगडांवरून साल

ही माझी आवडती पायरी, कारण इथे अंदाज कमी आणि तपासणी जास्त असते. रोमच्या अवशेषांत सतत काहीतरी खणलं, बांधलं, पाडलं जात होतं. त्या बदलांची सालं माहीत असली की सही नसलेल्या चित्राचाही काळ बराच आवळता येतो.

फोरममध्ये कमानीपासून कमानीपर्यंत झाडांच्या सरळ रांगा दिसल्या तर चित्र साधारण १६५६ नंतरचं, कारण त्या सातव्या अलेक्झांडर पोपच्या काळात लावल्या गेल्या. क्लोदच्या चित्रात त्या शोधू नका. सेव्हेरसची कमान जमिनीत रुतलेली असेल तर १८०३ च्या आधीचं. त्या सुमारास तिच्याभोवती खणून खड्ड्याला भिंत घातली गेली. मैदानातला एकटा उभा खांब, फोकासचा, ज्याचा पाया मातीत होता, तो १८१३ मध्ये उकरून त्यावरचा लेख वाचला गेला, तोवर त्याला नाव नव्हतं. टायटसची कमान विटांच्या मध्ययुगीन बांधकामात अडकलेली असेल तर १८२० च्या आधीचं चित्र. नंतर वास्तुकार व्हालादिएरने ती मोकळी करून उरलेला भाग नव्या दगडात बांधला. कॅस्टरच्या खांबांमागे चर्च दिसत असेल तर ते सांता मारिया लिबेरात्रिचे, आणि ते १९०० मध्ये पाडलं गेलं.

फोरमबाहेरही अशा खुणा आहेत. पँथिऑन या रोममधल्या प्राचीन देवळाच्या दर्शनी त्रिकोणामागे दोन लहान घंटामनोरे असतील तर चित्र सतराव्या शतकाच्या पूर्वार्धानंतरचं आणि १८८३ च्या आधीचं. रोमकर त्यांना वास्तुकार बेर्निनीचे गाढवकान म्हणत, आणि त्यांना पाडताना फारसं कोणाला वाईट वाटलं नसावं. कोलोसियमच्या बाहेरच्या कड्याला टेकू म्हणून बांधलेल्या भिंती एका बाजूला १८०७ च्या, दुसऱ्या बाजूला १८२६ च्या. आत गोलाकार मांडलेल्या लहान देवळ्या असतील तर त्या ख्रिस्ताच्या क्रूसयात्रेच्या, १७५० ते १८७४ या काळातल्या. तिथे गुडघे टेकलेली माणसं दिसली तर ती सजावट नव्हे, खरे भाविक. झाडोऱ्याचंही तसंच. १८५५ मध्ये रिचर्ड डीकिन या इंग्रज डॉक्टरने एकट्या कोलोसियमवर उगवणाऱ्या ४२० वनस्पतींची नोंद केली होती. भिंतींवर लोंबणाऱ्या वेली चित्रकाराने मनाने घातल्या, असं म्हणायची घाई म्हणून करू नये.

आता हे माणसांच्या कपड्यांशी ताडून बघा. दगड म्हणतात १७५०, माणसं अंगरखा आणि टोगा (प्राचीन रोमनांचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) घालून फिरतायत, तर चित्रकार प्राचीन काळाची गोष्ट आजच्या पडझडीत बसवतोय. हा विसंगतपणा त्या काळच्या प्रेक्षकाला खटकत नसे. तुम्हाला मात्र तो खटकला पाहिजे, कारण तिथून प्रश्न सुरू होतात.

माणूस लावून मोजा

साधा हिशोब आहे. माणूस १.७ मीटर धरा. चित्रात इमारतीच्या पायाशी उभा असलेला माणूस निवडा. पुढच्या दगडावर बसलेला चालत नाही, तो आपल्याजवळ असल्याने मोठाच दिसणार. त्या माणसाच्या उंचीने इमारत मोजा. रोममधला सेस्टियसचा पिरॅमिड सुमारे ३६ मीटर उंच आहे, म्हणजे पायाशी उभी एकवीस माणसं एकावर एक. चित्रात तीस भरली तर माणसं बारीक केलेली आहेत. जमिनीत गाडलेल्या कमानीला हा हिशोब लावताना गाडलेला भाग वजा करायचा, नाहीतर निष्कर्ष उलटा निघतो.

पिरानेसीकडे माणसं बारीक निघतात आणि त्यात फसवणुकीपेक्षा वाद जास्त आहे. ग्रीक वास्तुकला श्रेष्ठ की रोमन, यावर त्या काळी युरोपात हमरीतुमरी चालू होती. पिरानेसीने १७६१ मध्ये रोमनांच्या भव्यतेची बाजू मांडणारा सचित्र ग्रंथच काढला. त्याची दृश्यं त्याच बाजूने बोलतात. ती पाहून रोमला आलेल्या जर्मन कवी गटेला काराकाल्लाच्या स्नानगृहांचे खरे अवशेष तितके समाधान देईनात, हे त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणून बारीक माणूस दिसला की 'मानवाची क्षुद्रता' असं लिहून टाकण्याआधी हा वाद आठवा.

हा हिशोब स्वतःच्या पायाने तपासायचा असेल तर मुंबईकरांना रोमला जायची गरज नाही. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे १७९३ मध्ये मुंबईत आले, घारापुरीला गेले, आणि पुढे लंडनमध्ये त्यांनी काढलेल्या हिंदुस्थानच्या दृश्यांच्या मोठ्या मालिकेत (१७९५–१८०८, एकूण १४४ चित्रं) ती लेणीही आहेत. तंत्र ॲक्वाटिंट, म्हणजे एचिंगचंच छायांचे पट्टे देणारं भावंड. रोमची दृश्यं बघत वाढलेल्या युरोपीय गिऱ्हाइकांसाठीच ती काढली होती, त्यामुळे तीच सवय तिथेही दिसते: प्रचंड दगड आणि त्याच्या पायाशी माणसं. सदाशिवाची त्रिमुखी मूर्ती सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. सव्वातीन माणसं. चित्राची प्रत फोनमध्ये घेऊन बोटीने जा आणि खांबाशेजारी कोणाला तरी उभं करा.

खरी जागा की मनातली?

एवढं झालं की हा प्रश्न सोपा होतो. शेजार तपासा. कोलोसियमशेजारी तिव्होलीचं गोल देऊळ आणि मागे समुद्र असेल तर ती जागा कुठेच नाही. अशा मनातल्या रचनेला काप्रिच्चो म्हणतात. खूण अशी की प्रत्येक तुकडा ओळखू येतो पण एकत्र कुठे सापडत नाहीत. कधी तुकडेही ओळखू येत नाहीत, नुसते खांब, कलश, कोरलेल्या शवपेट्या यांची रास असते. व्हेनिसच्या मार्को रिच्चीची अवशेषांची एचिंग्ज अशी आहेत. कानालेत्तोने तर १७४० च्या दशकातल्या आपल्या एचिंग-संग्रहाच्या शीर्षकातच सांगून टाकलं की यातली काही दृश्यं जागेवरून घेतलेली, काही कल्पिलेली. कुठली कुठली, ते मात्र प्रेक्षकावर सोडलं. आणि पिरानेसीने दोन्ही केलं, त्यामुळे नुसत्या नावावरून निकाल देऊ नका.

काप्रिच्चोमध्ये अवशेषांना अर्थ देण्याची मुभा जास्त असते, खऱ्या जागेच्या दृश्यात कमी. आणि जिथे गोष्ट आहे तिथे अर्थ गोष्टीकडून येतो. ख्रिस्तजन्माच्या चित्रात पडकी कमान दिसते तेव्हा ती जुन्या धर्माच्या अस्ताची असते. मध्ययुगातल्या संतकथांच्या संग्रहात, 'सुवर्णकथे'त, आलंय की रोममधलं शांतीचं देऊळ त्या रात्री कोसळलं. लोक ज्याला शांतीचं देऊळ समजत ते मॅक्सेंटियसचं सभागृह, आणि ते मुळात बांधलं गेलं चौथ्या शतकात. पण त्याच तीन प्रचंड कमानी एखाद्या वाझीच्या चित्रात, गुरं नि गाडीवानांच्या मागे आल्या तर त्या फक्त तिथे आहेत म्हणून आल्या आहेत.

टिपण लिहिताना तीन रकाने करा: दिसतं ते, ताडून पाहिलं ते, वाटतं ते. 'तीन टोकांची टोपी घातलेला माणूस उजवीकडे बोट दाखवतो' हे पहिल्यात. 'रस्त्याकडेची झाडं आहेत, कमान रुतलेली आहे, म्हणून साधारण १६५६ ते १८०३' हे दुसऱ्यात. 'रोम बघायला आलेल्यांसाठी काढलेलं' हे तिसऱ्यात. तिसऱ्या रकान्यातलं वाक्य पहिल्या दोघांपैकी कशावर उभं आहे ते बाणाने जोडता आलं नाही तर खोडा.

दुसरी प्रत बघितल्याशिवाय आकाशाबद्दल बोलू नका

तांबं मऊ असतं. शेकडो प्रती काढल्या की पत्र्यावरच्या नाजूक रेघा झिजतात, आणि सगळ्यात आधी जातात त्या कमी वेळ आम्लात ठेवलेल्या, म्हणजे दूरच्या. ढग, डोंगर, क्षितिजावरची जलवाहिनी आणि तिच्याखालची दोन-तीन टिंबांएवढी माणसं उशिराच्या छापात उरतच नाहीत. पिरानेसीचे पत्रे त्याच्या मृत्यूनंतर मुलांनी पॅरिसला नेले, तिथे छापले गेले, १८३९ मध्ये रोमला परत आले आणि पुढेही छापले गेले. पॅरिसच्या छापांवर वरच्या कोपऱ्यात क्रमांक घातलेले दिसतात. तुमच्या समोरच्या प्रतीत आकाश कोरं असेल आणि अवशेष एकाकी वाटत असतील तर दोन संग्रहालयांतल्या प्रती उघडा, त्यांच्या नोंदीत 'पहिली अवस्था' (पत्र्यात नंतर बदल होण्याआधीचा छाप) किंवा हयातीतली छपाई असं लिहिलेली शोधा आणि तोच कोपरा तेवढाच मोठा करून बघा. माणसं पुन्हा मोजा. आकडा बदलला तर टिपणाचा पहिला रकाना नव्याने लिहा.